रबरी हातमोज्यातला हातगुण

बोरीची वाडी, ता. वसमत
१९ जानेवारी २०२५

तीर्थरूप धुरपता आक्का,

मनकर्णेचा नमस्कार. घेतलात तर बरं, नाही घेतलात तर उंबऱ्यावर ठेवून जाते, झाडताना सापडेल.

अक्षर बघून हसू नका. पेनाला चिंधी गुंडाळून लिहिते आहे. नुसतं पेन धरलं तर बोटांतून ते कधी गळून पडतं, मला कळत नाही. नांदेडच्या नसांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज पानभर लिहा, बोटं चालती राहतील. मी विचार केला, लिहू कोणाला? मग म्हटलं, जी बाई दोन वर्षं झाली माझा फोन उचलत नाही, तिलाच लिहावं. मध्ये तोंड तरी घालणार नाही.

तुम्ही आधी माझी नणंद. मग मामाची पोरगी म्हणून माझी पुनम हक्कानं मागून तुमच्या सोमेश्वरला करून घेतलीत, तेव्हा विहीण झालात. एकाच बाईशी दोन दोन नात्यांनी भांडायला मिळतं, असं भाग्य सगळ्यांच्या नशिबी नसतं. पण दिवाळीला लेकीला माहेरी धाडलं नाहीत, ते मात्र बरं केलं नाहीत. करंज्या केल्या आणि तुमच्या भावाच्या घशाखाली एक उतरली नाही.

पण पत्र करंज्यांसाठी नाही. संक्रांतीला पुनमचा फोन आला. म्हणाली, "आई, औंदा हळदीचं बेणं म्याच बुडवायचं, असं आत्या म्हनून राहिल्या. आपलंच न्हाई, समद्या गावाचं. तुजा हात माज्यात उतरला म्हनत्यात." आवाजात आनंद होता तिच्या.

आक्का, ते होऊ देऊ नका. एवढंच मागणं आहे.

तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही याच घरातल्या. लागवडीआधी बेणं औषधाच्या पाण्यात घालायचं. पाणी ताकासारखं पांढरं, आतलं काही दिसत नाही. मग जिच्या हाताला गुण आहे अशा बाईनं कोपरापर्यंत हात घालायचा, एकेक गड्डा चाचपायचा, ज्याला डोळे आहेत तो ठेवायचा, आंधळा आणि कुजका बाहेर फेकायचा. हातात ना अंगठी, ना फडकं. रबर तर नाहीच, कारण रबरातून हातगुण उतरत नाही. सासूबाईंनी हा हात मला दिला तेव्हा मी विशीतली होते. तेव्हापासून या गावची हळद माझ्या हाताखालून गेली. शेजारच्या दोन गावांची गेली, दरवर्षी तुमच्याकडची गेली. मला मिरवायला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

दोन वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे आले नाही. "अंगात कसर हाय" असा निरोप धाडला. तुमची हळद कंदकुजीनं गेली आणि तुम्ही म्हणालात, मनकर्णीनं मुद्दाम केलं, तिला गर्व झाला. गर्व कसला हो! त्या आठवड्यात मी आमच्या गावची बेणी उरकून शेतातून घरी आले तर तुमचे भाऊ पायाकडे बघत राहिले. म्हणाले, "दुसरी चप्पल कुठं हाय?" मी खाली बघितलं. एक पाय अनवाणी. चप्पल कधी निसटली, किती लांब मी तशीच चालले, मला पत्ताच नव्हता. दुसऱ्या दिवशी तव्याला तळहात टेकला. तो भाजल्याचं मला वासावरून कळलं.

असल्या हातानं तुमचं बेणं निवडायला कुठल्या तोंडानं येणार होते? आणि हात मेला हे सांगितलं असतं, तर हातगुण असलेली मनकर्णा काय उरली असती?

आज एवढं पुरे. बोटं आखडली.

तुमची,
मनकर्णा

बोरीची वाडी
१६ फेब्रुवारी २०२५

आक्का,

उत्तर आलं नाही. मी तरी कुठं धरून चालले होते! पण पुनम म्हणते, पत्र तुम्ही चुलीत घातलं नाहीत, पोथीखाली ठेवलंत. म्हणून दुसरं लिहिते.

डॉक्टरीणबाईंचं सांगते. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी साखर तपासली, रक्त तपासलं, सगळं चांगलं निघालं. मग विचारलं, दारू घेता का? मी म्हटलं, "न्हाई वो, पन आता चालू करावी म्हंते." त्या हसल्या. मग डोळे मिटायला लावून तळहातावर काहीतरी ठेवलं आणि म्हणाल्या, ओळखा. मी म्हटलं, आधी ठेवा तर खरं. त्या म्हणाल्या, ठेवलंय. डोळे उघडले तर हातात किल्ली.

आक्का, बाळंतपणात रडले नव्हते, तिथं रडले. डोळ्यांआधी हातानं बघणारी मी. आणि किल्ली कळू नये?

त्यांनी खोदून खोदून विचारलं, काम काय करता? मी सांगितलं. टबात काय असतं? मी म्हटलं, एक किडीचं औषध, एक बुरशीचं. किती बायका हात घालता? म्हटलं, मी एकटीच, गावाच्या वतीनं. तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "हे कातडीतनं आत जातं, मनकर्णाबाई. हाताला जखम नसली तरी जातं. एखाद्या वेळचं अंग सोसतं, तुम्ही वर्षानुवर्षं सगळ्या गावाचा वाटा एकट्या अंगावर घेतलात. त्यानं नसा मारल्या."

आता जे लिहिते ते तुमच्या भावालाही उशिरा सांगितलं. माझी पाळी चाळिशीच्या आधीच गेली. गळ्याला गाठ धरली, केस मूठमूठ गळाले. इथल्या बायका म्हणाल्या, नजर लागली. मीही लिंबू-मिरची केली, औंढ्याला नागनाथाला जाऊन आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यातली काही औषधं अंगातल्या ग्रंथींच्या कामातही लुडबुड करतात. मला काही उमगेना. तेव्हा त्यांनी विचारलं, एका घरात दोन सासवा झाल्या, एक म्हणते चूल पेटव, दुसरी म्हणते विझव, तर सून काय करेल? मी म्हटलं, माहेरी जाईल. त्या म्हणाल्या, अंगाचंही तसंच होतं. पाळी याच्यामुळंच गेली असं मी छातीठोक सांगणार नाही, पण शंकेला जागा आहे, आणि ज्या पोरींना अजून लेकरं व्हायची आहेत त्यांनी तर त्या टबाजवळ फिरकू नये.

हे ऐकलं तेव्हा पुनम माझ्या ध्यानात नव्हती. ती तर तुमच्या घरी सुखात भाकरी थापत होती. आता तिचं लग्नाचं तिसरं वर्ष आहे, लेकराची वाट तुम्हीही बघता आणि मीही. आणि तिचाच हात तुम्ही टबात घालायला निघालात.

मला कळतं, आक्का. सासूबाईंनी हा हात पोटच्या लेकीला न देता सुनेला दिला. लेक परक्या घरी जाणार म्हणून. ते तुमच्या जिवाला लागलं होतं, मी नवी नवरी असले तरी डोळे होते मला. आता पुनमच्या पावलानं तो मान तुमच्या दारी आला. तुम्हाला किती बरं वाटत असेल! तो मान मी काढून घेत नाही. पण एक आठवा. सासूबाईंच्या टबात काय असायचं? शेणकाला आणि राख. त्यात दिवसभर हात घातला तरी बाईचं काय जाणार होतं? नखं पिवळी व्हायची, एवढंच. रीत त्या पाण्याची होती. पुढं दुकानातलं औषध आलं, टबातलं पाणी बदललं, रीत मात्र आपण तीच धरून बसलो. कोणालाच सुचलं नाही. मला नाही, तुम्हाला नाही, सासूबाईंनाही नाही.

दुकानातलं औषध आलं तेव्हा पहिली काही वर्षं सासूबाईंचाच हात टबात होता; शेवटच्या वर्षात त्या भिंत धरून चालायच्या. आपण म्हणायचो, म्हातारपण. कोण जाणे.

मनकर्णा

बोरीची वाडी
२३ मार्च २०२५

आक्का, आक्का, आक्का!

काल मला काटा लागला!

हसा. पण आधी ऐका. हळद काढून झाल्यावर वावरात उरलंसुरलं वेचत होते. बांधावरून उतरले आणि उजव्या पायात बाभळीचा काटा घुसला. अशी कळ गेली की मस्तकात! मी एवढ्यानं ओरडले की तुमचे भाऊ कुदळ घेऊन धावत आले. त्यांना वाटलं, सापच चावला. येऊन बघतात तर मी खाली बसून पाय धरून हसते आहे आणि डोळ्यांतून पाणी.

"काय झालं?"

"काटा लागला वो! दुखून राहिलं! लई दुखून राहिलं!"

ते कुदळीवर हात ठेवून बघत राहिले. मग म्हणाले, "आता काट्याला हळद-कुंकू वाहतीस का काय?" एवढं म्हणाले आणि तोंड फिरवून शेंबूड पुसला. तुमचा भाऊ तुम्हाला ठाऊक आहे, रडला तरी सर्दी झाली म्हणतो.

दोन वर्षांमागे असाच एक काटा टाचेत आठवडाभर राहिला होता. पू झाला, ताप आला, तेव्हा कुठं सापडला. आणि काल लागल्याबरोबर कळला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, औषधापासून लांब राहा, गोळ्या घ्या, हातापायांना काम द्या. नस गोगलगायीच्या चालीनं वाढते, पण वाढते. डाव्या पायाची दोन बोटं अजून मुकी आहेत, ती कदाचित तशीच राहतील. राहू देत. बाकी सगळं अंग माझं मला परत मिळत आहे. रात्री अंगावर ओढलेली गोधडी खरखरीत लागते. भाकरीचं पीठ किती भिजलं ते बोटांना कळतं. गेल्या आठवड्यात मुंगी चावली, तिला मारलं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. तुमचं म्हणणं असेल, मनकर्णीचा हात गेला, म्हणून आता दुसऱ्याच्या हाताला नावं ठेवते. तर यंदाची आमची हळद बघायला या. गेल्या वर्षी मी टबात बोटही घातलं नाही. मग बेणं निवडलं कसं? कोरडंच. सावलीत पोत्यावर पसरलं, पाण्याआधी. हात अर्धाच जागा झाला होता, म्हणून दुप्पट वेळ लागला, पण एकेक गड्डा चाचपला. निवडलेलं भाजीच्या जाळीच्या क्रेटमध्ये भरलं, क्रेटला दोरी बांधली आणि दोरीनं टबात सोडलं, दोरीनं वर ओढलं. हाताला कोपरापर्यंत लाल रबरी मोजे. लावतानाही तेच.

इतकं साधं होतं, आक्का. हात आधी, औषध मग. आपण दोन्ही कामं एकाच टबात करत होतो, म्हणून माझे हात गेले.

पहिल्यांदा गावानं तोंडं वाकडी केली. बालाजीची आई तर बांधावर उभी राहून म्हणाली, "रबराचा हात लागला, औंदा हळद न्हाई, रबरच उगवंल." उगवलं काय, ते आता वसमतच्या मोंढ्यात जाऊन विचारा. कंद असा भरला की काढताना कुदळ अडायची. आणि बालाजीची आई काल दारात आली. लाल मोजे कोणत्या दुकानात मिळतात, ते विचारायला. मी तिला चहा पाजला, पण हळद कशी झाली ते तीनदा सांगितल्याशिवाय सोडलं नाही.

तुम्ही म्हणाल, नशीब फळलं, हातगुण कुठला? तर माझं आव्हान आहे. लागवडीला मला बोलवा. माझे डोळे बांधा. तुमचं बेणं माझ्या हातात द्या. एक जरी आंधळा गड्डा चांगला म्हटलं, तर पुनमचा हात तुमच्या टबात घाला, मी तोंड उघडणार नाही.

हे लिहिलं आणि खोडावंसं वाटलं. पण खोडत नाही.

मनकर्णा

बोरीची वाडी
३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

आक्का,

तुमचं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर दोनच वाक्यं: "डोळे मीच बांधीन. ये."

तुमच्या भावानं ते मोठ्यानं वाचलं, मग मनात वाचलं, मग उलटं करून मागे काही आहे का ते बघितलं. म्हणाले, "आक्कीनं तुला ये म्हनलं. आता काहून रडून राहिली?"

झोप उडाली आहे माझी. ऐटीत पैज लावून बसले. रोज कणगीतल्या बेण्यावर हात फिरवून बघते. कधी सगळं कळतं, कधी थंडीनं बोटं बधिरतात तसं वाटतं. एक चुकलं तर माझ्याच बोलानं लेकीचा हात टबात जाईल. तुमचे भाऊ म्हणतात, "आव्हान द्यायच्या आदी मला इचारलंस का?" तुम्ही सांगा, कधी कोणाला विचारलं मी?

येते. क्रेट आणि दोरी सोबत आणते. मोज्यांचे दोन जोड आणते. दुसरा कोणासाठी, ते तिथं आल्यावर ठरवू.

मनकर्णा

बोरीची वाडी
८ जून २०२५

लाडक्या आक्का,

तुम्ही तिथंच होतात, मग हे पत्र कशाला, असं म्हणाल. पण डोळे माझे बांधलेले होते. तुम्ही बघितलंत ते वेगळं, माझ्या हाताला कळलं ते वेगळं. ते तुम्हाला कोणी सांगणार नाही, म्हणून लिहिते.

जीपमधून उतरले तेव्हा तुमच्या अंगणात अर्धं गाव जमलं होतं. जणू कुस्त्यांचा फड. तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. पाणी दिलंत, चहा दिलात, आणि आपल्याच पदरानं माझे डोळे बांधलेत. एवढे करकचून, की पदरातल्या कापराचा वास नाकात बसला. सासूबाईंच्या पदराला तोच वास यायचा. तेव्हाच माझी निम्मी भीती गेली.

पहिला गड्डा दिलात. सोपा होता. पाठीवर डोळे टपोरे, तुरीच्या दाण्याएवढे. मी म्हटलं, "चांगलं." दुसरा सपाट, कुठंच उंचवटा नाही. "आंधळं." तिसरा वरून टणक, पण बुडाशी अंगठा दाबला तर जरासा दबला. "कुजकं हाय. कापून बघा." कोणीतरी विळ्यानं कापलं. पोटातलं काळं दिसलं असणार, कारण बायकांत कुजबूज झाली.

मग तुम्ही खोड्या सुरू केल्यात. मध्येच एक हातात दिलंत, गड्ड्यासारखंच, पण साल कागदासारखी पातळ. मी म्हटलं, "आक्का, ह्याचा चहा करा, हे अद्रक हाय." सगळं अंगण हसलं. तुम्हीही हसलात. ओठ दाबून हसलात तरी मला ऐकू आलं.

मग कितीतरी वेळ गड्ड्यामागून गड्डा. घाम पाठीवरून उतरत होता. एकदा बोटांत मुंग्या आल्या आणि मी थांबले. तेव्हा तुम्ही हळूच म्हणालात, "घे जरा दम. घाई न्हाई." दोन वर्षांत तुम्ही माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. त्या वाक्यानं बोटांत पुन्हा जीव आला. तो गड्डा मी दोनदा फिरवला. एकच डोळा होता, कडेला, अगदी बारका. "चांगलं," म्हटलं. आणि तुमच्या शेजारची सुनिता ओरडली, "हाय वो डोळा! कडंला हाय!"

ढीग संपला असं मला वाटलं. मी हात तसाच पुढे धरून होते. तेव्हा तुम्ही माझ्या तळहातावर शेवटची वस्तू ठेवलीत.

गरम होती. आधी मला समजेना. मग बोटं फिरवली. लांब बोटं. तळव्याला भाकरीचं पीठ वाळलेलं. मनगटाच्या आतल्या बाजूला एक सुरकुतलेली खूण, लहानपणी चुलीतलं लाकूड धरायला गेली होती तेव्हाची. कातडी मऊ, कुठं भेग नाही, कुठं चट्टा नाही. माझ्या बोटांनी दाबलं तर त्या बोटांनी उलट दाबलं.

आक्का, गेल्या दोन वर्षांत मी लेकीला हात लावला नव्हता. आणि त्याआधी शेवटचा लावला होता, तेव्हा मला कळला नव्हता.

मी म्हणाले ते सगळ्यांनी ऐकलं, तरी कागदावर असू द्या. मी म्हणाले, "हे बेणं माजं हाय. हे टबात जायचं न्हाई."

मग कोणती तरी म्हातारी म्हणाली, "पर रबरातून हात उतरत न्हाई, धुरपता." आणि तुम्ही काय म्हणालात! माझ्या जन्मभर पुरेल. म्हणालात, "हात निवडताना उतरला, समद्यांनी बघितला. बुडवायला दोरी हाय."

पुढचं तर मी उघड्या डोळ्यांनी बघितलं. लाल मोज्यांचा दुसरा जोड तुम्ही स्वतः चढवलात, उलटा. अंगठ्याच्या जागी करंगळी गेली, तरी काढून द्यायला तयार नव्हतात. क्रेटची दोरी तुम्ही ओढलीत. पुनमला लांब सावलीत बसवलंत, कोरडं बेणं निवडायला, माझ्या शेजारी. मी तिचं बोट धरून डोळा कसा लागतो ते दाखवलं. एका बैठकीत शिकली. हात आहे तिच्यात, आक्का, तुमचं खरं होतं.

परवा तिचा फोन आला. तुमच्या गावच्या बायका आता आमच्या इकडच्या दुकानातले मोजे मागवतात म्हणे, आणि तुम्ही प्रत्येकीला ते उलटे घालू नका म्हणून बजावता. दिवाळीला तुम्ही दोघी मिळून या. करंज्या तुमच्या भावाच्या घशाखाली उतरल्या पाहिजेत.

एक विचारायचं राहिलं. पुनमचा हात ओळखल्यावर तुम्ही माझे डोळे लगेच सोडले नाहीत. मी कितीतरी वेळ अंधारात तिचा हात धरून बसले होते. गाठ सुटत नव्हती, असं तुम्ही म्हणालात. पुनम म्हणते, गाठ केव्हाच सुटली होती, तुम्ही पदर माझ्या डोळ्यांवर तसाच धरून त्याच्याच टोकानं आधी स्वतःचे डोळे पुसत होतात.

तुमची, चिंधी न गुंडाळता पेन धरून लिहिणारी,
मनकर्णा